घरी परमिट कोण देतं?

वाचकांचे प्रश्न : कामावरची आणि घरची सुरक्षितता

४ मार्च जवळ आला की पत्रांची संख्या वाढते. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि तिथून १० मार्चपर्यंत सप्ताह. कारखान्यांत बॅनर लागतात, शपथ होते, नाश्ता होतो. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : गेटच्या आत एवढा शहाणा वागणारा माणूस घरी आला की असा का वागतो? माझी नोकरी आधी फोर्जिंगमध्ये आणि पुढे केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर म्हणून झाली. त्या जोरावर उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहेत. कामावर हेल्मेट, बूट, हातमोजे सगळं काटेकोर. सेफ्टीचं सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलंय. आणि परवा पंखा बदलताना पलंगावर स्टूल, स्टुलावर हे, अनवाणी, मेन स्विच चालू. मी म्हटलं आधी मेन बंद करा, तर म्हणाले, "मला शिकवू नकोस, रोज चारशे चाळीसवर काम करतो मी." सासूबाईही त्यांचीच बाजू घेतात. मी काय करावं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तुमचे मिस्टर खोटं बोलत नाहीत. ते रोज चारशे चाळीसवर काम करतात. पण तिथे ते एकटे काम करत नाहीत, हे सांगायचं राहिलं.

त्यांचा कामावरचा दिवस कसा असतो ते ऐका. मशीन बंद पडलं की आधी परमिट भरलं जातं. प्रॉडक्शनचा सुपरवायझर सही करतो की मशीन तुमच्या ताब्यात दिलं. मग तुमचे मिस्टर आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, खाली ओढतात, त्याला स्वतःचं कुलूप घालतात, नावाचा आणि फोटोचा टॅग अडकवतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. मग मशीनचं स्टार्ट बटण मुद्दाम दाबून बघतात, ते चालू होत नाही याची खात्री करायला. मग टेस्टर. आणि एवढं झाल्यावर पान्याला हात. काम संपल्यावर ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, शिफ्ट संपून तो घरी निघाला असेल तर त्याला गेटवरून परत बोलवायचं. या सगळ्यात एक नियम असा की ज्याला काम करायचंय तो स्वतःच स्वतःला परमिट देऊ शकत नाही. दुसऱ्या माणसाची सही लागतेच.

आता घरचं बघा. करणारा तोच, परवानगी देणारा तोच, आणि "झालं का रे, उकडतंय" म्हणून घाई करणारी त्याचीच आई. माणूस बदललेला नाही, दुसरी सही नाहीशी झाली आहे. म्हणून त्यांना बेजबाबदार ठरवून भांडू नका. ती सही तुम्ही करायला लागा.

त्यासाठी काय विचारायचं ते माहीत हवं. पहिलं, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का? असेल तर नुसता मेन बंद करून भागत नाही. मेन गेला की इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि त्याच्यावर जोडलेलं काय असतं, तर पंखे आणि दिवेच. इन्व्हर्टरचं आउटपुटही बंद करायचं. दुसरं, भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वायरीतला करंट गेला असं नाही. बऱ्याच जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. पंखा थांबतो, फेजची वायर जिवंत राहते. हे तुमच्या मिस्टरांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, फक्त आठवण करणारं कुणी नाही. तिसरं, टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पेटतो का बघायचा. बिघडलेला टेस्टरही न पेटता "करंट नाही" असंच सांगतो.

पलंग आणि स्टूल तर बादच. गादीवर चार पायांचं स्टूल कधीच चारी पायांवर उभं नसतं. शिवाय पंखा उतरवताना दोन्ही हात वर, डोक्यावर चार-पाच किलो वजन आणि धरायला काही नाही. शेजाऱ्याकडून शिडी आणा, एकानं शिडी धरा, पाती आधी खाली घ्या.

बोलायचं कधी, हेही महत्त्वाचं. ते वर चढल्यावर एक शब्द नको. उंचीवरच्या माणसाला खालून ओरडलं की तो वळून बघतो, आणि तोल तिथेच जातो. स्टूल आणायला निघाले की दारातच विचारा, "साहेब, परमिट?" हसतील. हसू द्या. आणि सासूबाईंना मीटरच्या बोर्डापाशी खुर्ची टाकून बसवा, त्यांच्या हातात एक कागद द्या : "माणूस कामावर आहे, बटण वर करू नये." लेकाच्या जिवावर पहारा द्यायचं काम मिळालं की त्या बाजू बदलतात. कारखान्यातसुद्धा सगळ्यात कडक पहारेकरी असाच तयार होतो.

जाता जाता, बोर्डावर आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे त्यांनाच दाखवायला सांगा. एमसीबी वायर जळू देत नाही, पण माणसाला शॉक बसताना तो बहुधा पडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. ते काम त्या सर्टिफिकेटवाल्यांकडे द्या.

प्रश्न : मॅडम, आम्ही रांजणगावच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सेफ्टी आणि एचआर मिळून सुरक्षेच्या सवयी कामगारांच्या घरापर्यंत नेण्याचा उपक्रम आखतो आहोत. पोस्टर आणि घोषवाक्य स्पर्धा दरवर्षी होतात. यंदा व्यवस्थापनाची कल्पना अशी की प्रत्येकानं घराचं सेफ्टी ऑडिट करून फोटो ॲपवर टाकावेत आणि त्याचे गुण अप्रेझलमध्ये धरावेत. पण कामगारांचा प्रतिसाद थंड आहे. (सेफ्टी विभागातला एक कर्मचारी)

उत्तर : थंड असणारच. ते ऑडिट आत्ताच रद्द करा.

तुमच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरांपैकी कितीजण दहा बाय दहाच्या खोलीत चौघे मिळून राहतात, हे एचआरला माहीत आहे का? एक पहिल्या पाळीला, एक तिसऱ्या. खोलीच्या कोपऱ्यात गॅसची टाकी, तिथून हातभर अंतरावर अंथरूण. वायरिंग घरमालकाचं, बोर्ड चार खोल्यांत मिळून एक. तो पोरगा फोटो टाकेल तो कशाचा? आपल्या गरिबीचा. आणि त्याला गुण देणार तुम्ही, वातानुकूलित केबिनमध्ये बसून. ज्याचं स्वतःचं घर आहे तो एक कोपरा आवरेल, फोटो काढेल, पसारा परत जागेवर ठेवेल. फोटोतलं घर सुरक्षित होईल एवढंच. शिवाय गेटच्या बाहेर कंपनीचा अधिकार संपतो आणि तो संपायलाच हवा. घरात बघायला आलेल्याला माणूस चहा देतो, खरं सांगत नाही.

स्पर्धांबद्दल माझी तक्रार नाही. मुलांना चित्रं काढायला आवडतं, बक्षीस मिळालं की बापाची छाती फुगते. पण घोषवाक्यानं कुणाचा गॅसचा पाईप बदलल्याचं माझ्या बघण्यात नाही.

त्यापेक्षा वस्तू द्या. टूल क्रिबमध्ये, म्हणजे अवजारांच्या खोलीत, दोन चांगल्या शिड्या, चार गॉगल, हातमोज्यांचे काही जोड वेगळे काढा आणि शनिवारी सही करून घरी नेण्याची मुभा द्या, सोमवारी परत. घरी ड्रिल मारताना डोळे उघडे असतात ते गॉगलचं महत्त्व कळत नाही म्हणून नाही, गॉगल कंपनीच्या लॉकरमध्ये असतो म्हणून. शिडीचंही तसंच. दोन दिवसांसाठी कोण विकत घेणार? कायम आणि कंत्राटी दोघांनाही एकाच रजिस्टरवर द्या. इथे भेद केलात तर बाकीचं सगळं बोलणं फुकट.

दुसरं, पाळी सुरू होताना टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेवरचं छोटं बोलणं, होतोच, तर आठवड्यातून एक दिवस तो घरच्या विषयावर घ्या. पण "घरी काळजी घ्या" असं मोघम नको, हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी. एखाद्या दिवशी कँटीनमधली गॅसची टाकीच आणून ठेवा. वरच्या कड्याला धरणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. "सी-२७" म्हणजे त्या टाकीची पुढची चाचणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेली टाकी दारात आली तर परत पाठवायचा हक्क आहे. रोज व्हर्नियर वाचणाऱ्या कामगाराला घरची टाकी वाचता येत नाही, कारण कुणी दाखवलीच नाही. त्यातच नारिंगी पाईप दाखवा. पाच वर्षांनी तो बदलायचा असतो, तडा दिसला तर आधीच. आणि हे सांगा की एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर जात नाही, फरशीवर पसरतो. म्हणून वास आला की दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, पण दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. मग घराबाहेर येऊन १९०६ ला फोन.

जूनमध्ये विषय घ्या कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेचा. दर पावसाळ्यात आपल्याकडे हे मरण होतं. तार पत्र्याच्या शेडला बांधलेली, शेडवरून घरात आलेली विजेची वायर घासून उघडी पडलेली, ओला कपडा हातात. बाई चिकटते, सोडवायला नवरा हात लावतो, मग पोरगं. तार काढून नायलॉनची दोरी बांधायची, संपला विषय. कारखान्यात आम्ही याला धोका मुळातूनच काढणं म्हणतो आणि त्याच्यासाठी मोठमोठे तक्ते करतो. इथे तो दोरीच्या किमतीत होतो.

आणि तिसरं, घरच्यांना एकदा शॉपमध्ये आणा, पण फॅमिली डेला केक कापून परत पाठवायला नव्हे. बायकोला कुलपांचा बोर्ड दाखवा, नवऱ्याच्या फोटोचा टॅग तिच्या हातात द्या, तो अडकवल्याशिवाय त्याला कामाला हात लावता येत नाही हे त्याच्या सुपरवायझरच्या तोंडून ऐकू द्या. पोराला हार्नेस घालून बघू द्या. घरी गेल्यावर "थांबा" म्हणायचा अधिकार तिला कुणी दिला, हे नवऱ्याला तिथेच कळतं.

प्रश्न : मी वाळूजला केमिकल स्टोअरला आहे. बाथरूम घासायला थोडं ॲसिड आणि रंगाचे डाग काढायला थिनर घरी आणतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत व्यवस्थित झाकण लावून, वरच्या फळीवर ठेवतो. कामावर हाताळायची सवय आहे, तर घरी काही हरकत?

उत्तर : आहे. कामावर ड्रमवर लेबल असतं, माहितीपत्रक असतं, बाजूला डोळे धुवायचा नळ असतो. बाटलीवर संत्र्याचं चित्र असतं. पाहुणा, सासरे, शेजारचं पोर, कुणीही तहान लागली की तीच बाटली उचलणार. आज घरी जाऊन ती काढा, आणि मोरीत ओतू नका, कामावर परत न्या. ॲसिडवाल्या क्लीनरवर ब्लिचिंग टाकलं की क्लोरीन सुटतो, आणि बाथरूमला खिडकी एवढीशी असते. कुणी चुकून प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, जाताना जेवढं जाळलं तेवढंच वर येताना पुन्हा जाळतं. बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना. स्टोअरमधून माल बाहेर कसा येतो, हा प्रश्न मी तुमच्या मॅनेजरसाठी ठेवते.

प्रश्न : मॅडम, बुटीबोरीला कामाला आहे. कंपनीच्या गेटवर हेल्मेटशिवाय गाडी आत घेत नाहीत, म्हणून सगळे शेवटच्या वळणावर हेल्मेट घालतात. गावापासून घालून आलं तर पोरं हसतात. खरंच एवढी गरज आहे का?

उत्तर : शेवटचं वळण ते गेट एवढाच रस्ता धोक्याचा असता तर तुमची पद्धत उत्तम होती. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून जास्त दुचाकीस्वार त्या एका वर्षात गेल्याची नोंद आहे, चालवणारे आणि मागे बसलेले मिळून. हसणाऱ्या पोरांना एवढं सांगा.

दुसरी गोष्ट कामाची आहे. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात २०१० पासून ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) नियमांत, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरला जातो. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमची ड्यूटी गावातून निघतानाच सुरू झालेली असते. हेल्मेट घरी खुंटीवर टांगू नका, गाडीच्या किल्लीबरोबर ठेवा. हेल्मेट उचलल्याशिवाय किल्ली हाताला लागता कामा नये. आणि तिसऱ्या पाळीनंतर डोळे जड असतील तर निघायच्या आधी कँटीनमध्ये अर्धा तास डोकं टेकवा. डुलकी लागली तर हेल्मेट काही हँडल धरत नाही.

प्रश्न : ताई, माझे पती जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायच्या एका कारखान्यात जातात. घरी येतात तेव्हा कपडे काळेभोर. मी ते झटकून, बाळाच्या कपड्यांबरोबरच भिजवते, पाणी दोनदा भरावं लागू नये म्हणून. बाळ दहा महिन्यांचं आहे, रांगतं. माझी नणंद म्हणते असं करू नये. ती बरोबर आहे का?

उत्तर : नणंद शंभर टक्के बरोबर आहे, आणि हे पत्र मी आधी वाचलं असतं तर छापायची वाट न बघता उत्तर पाठवलं असतं. पत्ता दिलेला नाही, म्हणून इथेच नीट लिहिते.

आजपासून कपडे झटकायचे नाहीत. शिशाची धूळ झटकली की हवेत जाते, मग फरशीवर बसते, आणि फरशीवर कोण असतं? रांगणारं बाळ. त्याचा हात दर मिनिटाला तोंडात. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची "एवढी चालेल" अशी पातळी नाही, जागतिक आरोग्य संघटनेचं तसं स्पष्ट म्हणणं आहे. शिसं मेंदूवर जातं आणि त्याचा परिणाम पुढे शाळेत दिसतो, त्या दिवशी काहीच दिसत नाही. म्हणूनच घरात कुणी घाबरत नाही.

खरं तर ते कपडे घरी यायलाच नकोत. हातपाय धुवायची सोय आणि कपडे ठेवायला जागा ही १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलेली होती, आणि नव्या कामगार संहितेतही आहे. पतींनी निघताना तिथेच अंघोळ करावी, कपडे बदलावे. मालक सोय देत नसेल तर निदान एक जुनी पिशवी ठेवा. मळके कपडे त्यात घालून, तोंड बांधून आणायचे आणि न झटकता वेगळ्या बादलीत, वेगळ्या पाण्यात धुवायचे. चपला बाहेर. डबा, मोबाईल, गाडीची सीटसुद्धा ओल्या फडक्यानं पुसायची. घरात कोरडा झाडू नको, ओलं पुसणं. आल्या आल्या बाळाला उचलायचं नाही, आधी अंघोळ. हे बापाला जड जाणार, दिवसभर तो त्याचीच वाट बघत असतो. पण हे तुम्हीच सांगायचं आहे.

आणि बाळाच्या डॉक्टरांना पतीचं काम काय आहे ते नेमकं सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. "कंपनीत आहेत" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या डोक्यात ते येणार नाही.

कपड्यांतून कारखाना घरात येतो हे आजचं नाही. लंडनच्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या आसपासच्या रुग्णांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. मेसोथेलिओमा हा कर्करोग झालेल्यांत अशा बायका होत्या ज्या कारखान्यात कधी गेल्याच नव्हत्या. त्यांनी नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते. नणंदेला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : मॅडम, मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आहे. टाकीत उतरायचं तर गॅस टेस्टिंग, ब्लोअर, बाहेर वॉचर, सगळं करतो. गावी आमची जुनी विहीर आहे, साठ फूट. मोटारीचा फूट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) अडकला की आमचे दादा दोर धरून सरळ उतरतात. मी बोललो तर म्हणतात, "तुझी कंपनी तुझ्यापाशी. आमच्या बापजाद्यांनी हीच विहीर खणली." उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात. तो विझला नाही तर हवा चांगली, असं त्यांचं म्हणणं. (इंदापूर तालुक्यातला वाचक)

उत्तर : कंदिलाची पद्धत वडीलधाऱ्यांनी विचार करूनच काढली होती, तिला हसू नका. पण तिचं काम किती, ते दादांना सांगा. साध्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो. तुमच्या कंपनीत १९.५ च्या खाली मीटर गेला की परमिट मिळत नाही. कंदील मात्र १६-१७ टक्क्यांपर्यंत तग धरतो. म्हणजे कंदील जळत असतानाही माणसाचे पाय लटपटायला लागलेले असू शकतात, आणि ते दोरावर. शिवाय कार्बन मोनॉक्साइड त्याला कळतच नाही. कुणी पाणी उपसायला डिझेल इंजिन विहिरीत उतरवलं असेल तर तोच वायू आत साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि कंदील त्यात मजेत जळतो. आणि कुजलेला गाळ असेल तर कंदिलाच्या ज्योतीनंच पेट घेणारा वायूही असू शकतो.

काही गावांत हिरवा डहाळा दोराला बांधून खाली-वर करतात, हवा ढवळते. त्यानं थोडा फरक पडतो, पण त्यावर जीव टाकावा इतका नाही.

दादांशी वाद घालताना कंपनीचं नाव काढू नका. "कंपनीत असं करतात" हे वाक्य गावात ऐकलं की समोरचा माणूस कान बंद करतो. त्यांना विचारा, "दादा, तुम्ही खाली गप्प झालात तर मी काय करू?" ते काय म्हणतील हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही : "तू उतर." इथेच थांबवायचं. विहिरीत एक माणूस पडला की दुसरा वाचवायला उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली माणसं एका दुपारी जातात, आणि शेवटी उतरलेला पहिल्याएवढाच शहाणा असतो. टाकीच्या तोंडाशी तुम्ही जो वॉचर बसवता, त्याला शिकवलेली पहिली गोष्ट हीच ना, की काही झालं तरी आत जायचं नाही? त्यानं बाहेरूनच ओढायचं आणि मदत बोलवायची. विहिरीवर ते काम तुमचं आहे, आणि त्यासाठी दादांच्या छातीला दोर आधीच बांधलेला हवा, वर तो कप्पीवरून गेलेला हवा, ओढायला दोन गडी हवेत. नुसता हातात धरलेला दोर बेशुद्ध माणूस सोडून देतो.

पण मला विचाराल तर इतकं करून उतरूच नये. फूट व्हॉल्व्ह अडकतो म्हणून उतरावं लागतं ना? पाईप फ्लँजवर, म्हणजे जोडावर, सोडवून चेन पुलीनं वर ओढा, वर बसून साफ करा. किंवा या दिवाळीत बोनस आला की सबमर्सिबल बसवा, तीही केबल आणि दोरानं वर येते. दादांना सुरक्षेसाठी म्हणून सांगू नका. पाणी जास्त येतं म्हणून सांगा.

दुर्घटना झालीच तर १०८ आणि ११२ दोन्हींना फोन, आणि "विहिरीत गॅस आहे, माणूस आत आहे" हे पहिल्याच वाक्यात.

प्रश्न : मी वेर्ण्याच्या एका औषधनिर्मिती कंपनीत सेफ्टी कमिटीवर आहे. घरी मी नियम लावलेत : चार्जर काढला नाही की दहा रुपये, ओल्या पायानं फरशीवर आलं की दहा रुपये, बरणीत टाकायचे. मुलं आता मला घरी पण "ऑफिसर" म्हणतात. मोठा मुलगा तर परवा म्हणाला, "पपा, तुमच्या गाडीचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, दहा रुपये टाका." मी त्याला गप्प बसवलं, मोठ्यांशी असं बोलायचं नाही म्हणून. पण मग वाटलं, कुठेतरी चुकतंय.

उत्तर : बरणी बंद करा. कामावर तुम्ही पाहिलं असेल, नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवली की जिथे कळवणाऱ्यावरच खापर फुटतं त्या शॉपमधून पुढच्या महिन्यात एकही नोंद येत नाही, आणि बोर्डावर शून्य लिहून सगळे खूश असतात. घरी दंड लावलात तर मुलं चार्जर काढायला शिकणार नाहीत, लपवायला शिकतील. स्टुलावरून घसरलेलं, शेगडीपाशी ओढणी जवळ गेलेली, बोट सॉकेटला लागलेलं, काहीच तुमच्यापर्यंत येणार नाही. ते ऐकायला मिळायला हवं.

मुलानं टायर बघितला, धोका ओळखला आणि ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याला येऊन सांगितलं. कमिटीवर कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला मीटिंगमध्ये उभं करून टाळ्या वाजवल्या असत्या. या रविवारी त्याला मागे बसवा, त्याच्याही डोक्यावर हेल्मेट, आणि टायरवाल्याकडे जा. खाचांची खोली कशी बघायची, कडेची खूण कुठे असते, हे टायरवाल्यालाच दाखवायला सांगा. जुना टायर घरी आणू नका, डेंग्यूचे डास त्यातच होतात. पैसे बरणीतले पुरले नाहीत तर वरचे तुमचे.